प्रातोतून पळालेली फौज आणि मॅकियाव्हेलीचं सैन्यशास्त्र

प्रश्न असा आहे: भाडोत्री सैन्यावर विसंबू नका, स्वतःचं सैन्य उभारा, असं इटलीतल्या फ्लॉरेन्सचा राजकीय विचारवंत मॅकियाव्हेली जन्मभर सांगत राहिला. पण त्याने स्वतः उभारलेली फौज १५१२ मध्ये फ्लॉरेन्सजवळच्या प्रातो इथे स्पॅनिश सैन्यासमोरून पळून गेली. मग सैन्य आणि नेतृत्व या विषयांत त्याचं का ऐकायचं? आणि नेत्याला त्याचा सल्ला ‘लोकांना धाकात ठेव’ एवढाच आहे का?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी थोडक्यात देतो. प्रातोला झालं ते लाजिरवाणंच होतं, त्यावर पांघरूण घालण्याचं कारण नाही. मात्र ती फौज का पळाली हे शोधायला गेलं की मॅकियाव्हेली जास्त नीट कळतो. शस्त्र कोणाच्या हातात द्यायचं, हा त्याच्या दृष्टीने राज्यव्यवस्थेचा प्रश्न होता, लष्करी बाजू नंतरची. फ्लॉरेन्सने खेड्यातल्या माणसाच्या हातात भाला दिला, पण राज्यात वाटा दिला नाही, आणि विश्वास तर त्याहून नाही. मॅकियाव्हेलीला हे ठाऊक होतं. तरी जेवढं पदरात पडत होतं तेवढं त्याने घेतलं.

पाश्चात्त्य राजकीय विचार शिकवताना मला एक गोष्ट कायम दिसत आली आहे. मुलं ‘प्रिन्स’ हे मॅकियाव्हेलीचं राजाला सल्ला देणारं पुस्तक वाचतात आणि त्यांच्या डोळ्यांसमोर राजाच्या कानाशी लागलेला कोणीतरी धूर्त सल्लागार उभा राहतो. प्रत्यक्षात हा माणूस कचेरीतला. १४९८ ते १५१२ अशी चौदा वर्षं तो फ्लॉरेन्स प्रजासत्ताकाच्या दुसऱ्या कचेरीचा प्रमुख होता, आणि युद्धाचा कारभार पाहणाऱ्या दहा जणांच्या मंडळाचा सचिवही. कोणत्या तुकडीचा पगार थकला, छावणीत धान्य किती दिवस पुरेल, कोणता सेनानायक कोणाशी भांडतोय, याची पत्रं तो रोज लिहीत असे. त्याचा सिद्धान्त या पत्रांमधून वर आला आहे, म्हणून तो वाचताना दफ्तर विसरून चालत नाही.

त्या दफ्तरातला सर्वांत जाड गठ्ठा पिसाचा. १४९४ मध्ये फ्रान्सचा राजा आठवा चार्ल्स तोफा घेऊन इटलीत उतरला तेव्हा त्याला म्हणण्यासारखा विरोधच झाला नाही. कोणत्या घरात कोण उतरणार याच्या खुणा त्याचे लोक पुढे जाऊन खडूने करत आणि फौज मागून येऊन मुक्काम करी. चार्ल्सने इटली खडूने जिंकली, असा टोमणा त्या काळी चालत असे. ‘प्रिन्स’च्या बाराव्या प्रकरणात तो आला आहे. त्या धामधुमीत फ्लॉरेन्सच्या ताब्यातलं पिसा शहर सुटलं. आर्नो नदी समुद्राला मिळते त्या तोंडाजवळचं हे शहर, म्हणजे फ्लॉरेन्सच्या व्यापाराचा गळा. ते परत मिळवायला पंधरा वर्षं लागली.

का लागली? इटलीत तेव्हा युद्ध ठेक्यावर चाले. एखादा सेनानायक आपली फौज घेऊन शहराशी करार करी: इतके घोडेस्वार, इतकं पायदळ, इतके महिने, इतकी रक्कम. मुदत संपली की तो दुसरीकडे जाई, कधी कालच्या शत्रूकडेही. आपल्याला शिलेदार माहीत आहे, स्वतःचा घोडा घेऊन चाकरीला येणारा. इथे अख्खी फौज एका माणसाच्या मालकीची असे. १४९९ च्या ऑगस्टमध्ये फ्लॉरेन्सने ठेवलेल्या पाओलो व्हिटेल्लीने पिसाच्या तटाला भगदाड पाडलं, सैनिक आत घुसायला निघाले, आणि याने त्यांना थांबवलं. मग छावणीत हिवताप पसरला, वेढा उठवावा लागला. त्याने विश्वासघात केला की नुसती कच खाल्ली, यावर आजही एकमत नाही. फ्लॉरेन्सने वाट पाहिली नाही; १ ऑक्टोबरला त्याचं डोकं उडवलं.

पुढच्या वर्षी दुसरा उपाय करून पाहिला. फ्रान्सच्या बाराव्या लुईकडून स्विस आणि गॅस्कन (नैऋत्य फ्रान्समधले) सैनिक मागवले, खर्च अर्थात फ्लॉरेन्सचा. गॅस्कन निघून गेले. स्विसांनी पगारासाठी बंड केलं आणि फ्लॉरेन्सचा प्रतिनिधी लुका देल्यी आल्बित्सी यालाच ओलीस धरलं. मॅकियाव्हेली त्या छावणीत हजर होता. ज्याने पैसे मोजले त्याच्याच माणसाला पैशांसाठी पकडून ठेवलं जातं, हे त्याने एकतिसाव्या वर्षी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. पुढे ‘डिस्कोर्सेस’ या प्रजासत्ताकांवरच्या ग्रंथात पैसा हे युद्धाचं बळ नव्हे, चांगले सैनिक हेच बळ, असं तो लिहितो तेव्हा वाचणाऱ्याला ते पुस्तकी वाटू शकतं. सोन्याने चांगले सैनिक मिळतीलच असं नाही, पण चांगले सैनिक सोनं मिळवून देतात, हा त्याचा मुद्दा या छावणीतून आलेला आहे.

भाडोत्री सेनापतीबद्दलचा त्याचा युक्तिवाद धारदार आहे. माणूस नालायक निघाला तर तो तुम्हाला हरवून बसतो. लायक निघाला तर त्याला स्वतःचं मोठेपण हवं असतं, मग तो तुम्हालाच दाबतो किंवा तुमच्या इच्छेविरुद्ध दुसऱ्यांना दाबतो. मिलानच्या पदरी असलेल्या फ्रान्चेस्को स्फोर्झाने १४५० मध्ये मिलानच घेतलं. व्हेनिसने कार्मान्योला या आपल्या गाजलेल्या सेनानायकाचा १४३२ मध्ये शिरच्छेद केला, कारण तो लढेना आणि सोडून द्यावा तर शत्रूला मिळेल ही भीती. आजच्या भाषेत हा कराराचाच दोष म्हणावा लागेल: ज्याला युद्ध चालू राहण्यात फायदा आहे, त्याला ते संपवायला सांगायचं.

पण इथेच सावध राहायला हवं. मॅकियाव्हेली वकिलासारखा लिहितो. आपल्या ‘फ्लॉरेन्सचा इतिहास’ या ग्रंथात तो सांगतो की १४२४ च्या झागोनाराच्या लढाईत मेले ते फक्त तिघे, तेही चिखलात पडून. आणि १४४० च्या आंगियारीच्या लढाईत एकच जण मेला, घोड्यावरून पडून तुडवला जाऊन. हे खरं नाही. आंगियारीला माणसं पुष्कळ मेली, त्याच शतकातल्या इतर लेखकांनी तसं नोंदवलं आहे. गंमत अशी की याच आंगियारीचं भव्य चित्र सभागृहाच्या भिंतीवर काढण्याचं काम फ्लॉरेन्सने लिओनार्दो दा विंचीला दिलं होतं, आणि त्या कामाच्या १५०४ च्या करारावर साक्षीदार म्हणून सही मॅकियाव्हेलीची आहे. चित्राच्या उरलेल्या नकला पाहा, माणसं आणि घोडी एकमेकांना अक्षरशः फाडत आहेत. तेव्हा भाडोत्री सैनिक लुटुपुटूचं युद्ध करत, हे विधान परीक्षेत त्याचं मत म्हणून लिहा, इतिहास म्हणून लिहू नका.

चेझारे बोर्जाकडे येतो, कारण नेतृत्वाचा विषय निघाला की सगळे त्याच्याकडेच धावतात. पोप सहाव्या अलेक्झांडरचा हा मुलगा मध्य इटलीत रोमान्या प्रांतात स्वतःचं राज्य उभारत होता. ऑक्टोबर १५०२ पासून जानेवारी १५०३ पर्यंत मॅकियाव्हेली फ्लॉरेन्सचा दूत म्हणून त्याच्या मागे मागे फिरला. २६ डिसेंबरला चेसेनाच्या चौकात बोर्जाच्याच कडक अधिकाऱ्याचं, रेमिरो दे ओर्कोचं, दोन तुकडे केलेलं प्रेत लोकांना दिसलं. ३१ डिसेंबरला सेनिगाल्लिया इथे बोर्जाने आपल्याविरुद्ध कट केलेल्या सेनानायकांना समेटासाठी बोलावलं, पकडलं, आणि त्यांपैकी दोघांचा त्याच रात्री गळा आवळला. हे प्रसंग रंगतदार आहेत, म्हणून पाठ्यपुस्तकं तिथेच थांबतात.

‘प्रिन्स’च्या तेराव्या प्रकरणात मात्र मॅकियाव्हेली वेगळाच हिशेब मांडतो. बोर्जा आधी फ्रेंचांचं उसनं सैन्य घेऊन आला. ते भरवशाचं वाटेना म्हणून त्याने ओर्सिनी आणि व्हिटेल्ली घराण्यांचे भाडोत्री लोक घेतले. तेही दगा देणार असं दिसल्यावर त्यांना संपवून त्याने स्वतःच्या मुलखातून माणसं उभी केली. तीन टप्प्यांत त्याचा वचक कसा वाढत गेला ते पाहा, असं तो म्हणतो. आपल्या शस्त्रांचा पूर्ण मालक तो झाला तेव्हा त्याला सर्वांत जास्त मान मिळाला. म्हणजे बोर्जापासून त्याने उचललेला मुख्य धडा गळा आवळण्याचा नव्हता. शिवाय रोमान्यात बोर्जाने बऱ्यापैकी सुव्यवस्था आणली होती, म्हणून १५०३ मध्ये बाप मेल्यावर आणि नवा पोप विरोधात गेल्यावरही तो मुलूख लगेच त्याला सोडून गेला नाही, हेही त्याने नोंदवलं आहे.

आता खुद्द फौजेची गोष्ट. फ्लॉरेन्सचा तहहयात प्रमुख पिएरो सोदेरिनी याला मॅकियाव्हेलीने पटवलं आणि १५०५ च्या अखेरीस तो मुजेल्लो आणि कासेन्तिनोच्या डोंगराळ भागात गावोगाव फिरून माणसं नोंदवू लागला. फेब्रुवारी १५०६ मध्ये चारशे जणांची पहिली कवायत शहरातल्या मुख्य चौकात झाली. लुका लांदुच्ची नावाच्या एका दुकानदाराने आपल्या रोजनिशीत त्याचं वर्णन केलंय: पांढरी बंडी, अर्धे पांढरे अर्धे लाल पायमोजे, पांढरी टोपी, छातीवर लोखंडी पत्रा, हातात भाले, काहींकडे बंदुका. गर्दी लोटली होती आणि फ्लॉरेन्सने एवढी सुंदर गोष्ट आजवर केली नव्हती, असं त्याला वाटलं. डिसेंबर १५०६ मध्ये कायदा झाला, नऊ जणांचं मंडळ नेमलं गेलं आणि त्याचा सचिवही मॅकियाव्हेलीच. सगळ्या निशाणांवर एकच चिन्ह, फ्लॉरेन्सचा सिंह. सणासुदीच्या दिवशी कवायत, बाकीचे दिवस शेती.

कायदा व्हायच्या सुमारास त्याने या योजनेवर एक टिपण लिहिलं. माझ्या मते त्याच्या लेखनातली सर्वांत कमी वाचली जाणारी आणि सर्वांत प्रामाणिक पानं तीच. साम्राज्य म्हणा, राज्य म्हणा, प्रजासत्ताक म्हणा, वरपासून खालपर्यंत हुकूम चालवणाऱ्या कोणालाही न्याय आणि शस्त्रं या दोन गोष्टी लागतात, असं तिथे तो म्हणतो, आणि पुढे आपल्याच मालकांना सुनावतो: तुमच्याकडे न्याय फारसा नाही, आणि शस्त्रं तर मुळीच नाहीत.

मग तो विचारतो, माणसं कुठून घ्यायची? फ्लॉरेन्सच्या राज्याचे तीन भाग होते. एक खुद्द शहर. दुसरा शहराभोवतीची खेडी, जी पिढ्यान्‌पिढ्या शहराच्या अमलाखाली होती. तिसरा आरेत्सो, व्होल्तेर्रा, पिस्तोया अशी जिंकून घेतलेली शहरं आणि त्यांचा मुलूख. तिसऱ्या भागाला शस्त्र द्यायचं तर ते उद्या आपल्यावरच उलटेल, म्हणून नको. शहरात शस्त्र द्यायचं तर श्रीमंत घराण्यांना धास्ती की सोदेरिनी त्या जोरावर हुकूमशहा होईल. तेव्हा उरली खेडी. पण तिथल्या माणसाला मताचा हक्क नव्हता, कारभारात जागा नव्हती, शहराशी त्याचा संबंध कर आणि कोर्ट यांपुरता. शिवाय तुकडीवरचा नायक त्या भागातला नसावा आणि दर वर्षी बदलावा, अशी तजवीज. कारण एकाच नायकाभोवती निष्ठा जमली तर? युद्धात हुकूम एका मंडळाचा, शांततेत दुसऱ्याचा. शिस्त लावायला म्हणून मॅकियाव्हेलीने कोणाला आणलं असेल? डॉन मिकेले दे कोरेल्ला, बोर्जाचा तोच माणूस ज्याने सेनिगाल्लियाला गळे आवळले होते. शहरातल्या प्रतिष्ठितांच्या पोटात गोळा आला असल्यास नवल नाही.

हे सगळं एकत्र पाहा. प्रत्येक नियमामागे भीती आहे: शेतकऱ्याची, नायकाची, सोदेरिनीची. शस्त्र द्यायचं आणि दिलेल्या हातावर दुसऱ्या हाताने पकड ठेवायची, असा तो कायदा होता. मॅकियाव्हेलीने तो लिहिला, कारण याहून जास्त काही सभेत मंजूर झालं नसतं. इथून सुरुवात करू, पुढे शहरही शस्त्र धरेल, असा त्याचा होरा त्या टिपणातच दिसतो.

आणि सुरुवात वाईट झाली नाही. १५०९ मध्ये याच फौजेने पिसाची रसद तोडली. तटावर हल्ला करण्यापेक्षा नदी अडवणं, वाटा रोखणं, शेतं उजाड करणं अशा कामांना ही माणसं उपयोगी पडली. मॅकियाव्हेली छावणीतच मुक्कामाला होता. सुरक्षित ठिकाणी जाऊन बस असं सुचवल्यावर त्याने कळवलं की कष्ट आणि धोका टाळायचा असता तर मी फ्लॉरेन्स सोडूनच आलो नसतो. जूनमध्ये पिसा शरण आलं. व्हिटेल्लीला जमलं नाही, फ्रान्सच्या राजाला जमलं नाही, ते पांढऱ्या बंडीतल्या शेतकऱ्यांनी केलं. प्रातोचं नाव काढणारे पिसाचं नाव सहसा काढत नाहीत.

ऑगस्ट १५१२. फ्रेंच इटलीतून मागे हटले होते आणि फ्लॉरेन्स त्यांचं मित्र म्हणून एकटं पडलं होतं. फ्लॉरेन्सवर पूर्वी सत्ता गाजवलेल्या मेदिची घराण्याला परत गादीवर बसवायला रामोन दे कार्दोना स्पॅनिश सैन्य घेऊन आला. सैन्य कसलेलं होतं, पण उपाशी होतं, आणि तटाला भगदाड पाडायला जेमतेम दोन तोफा. आधी त्यांनी बोलणी लावली. फ्लॉरेन्सने ताणून धरलं. हे शहाणपणाचं नव्हतं असं मॅकियाव्हेलीने स्वतःच नंतर ‘डिस्कोर्सेस’मध्ये लिहिलं. २९ ऑगस्टला स्पॅनिश सैनिक प्रातोच्या तटाला पडलेल्या लहानशा भगदाडातून आत शिरले. आतल्या काही हजार शेतकरी सैनिकांनी थोडा प्रतिकार केला आणि पळ काढला. मग शहराची कत्तल झाली. मॅकियाव्हेलीने एका पत्रात मेलेल्यांचा आकडा चार हजारांवर दिला आहे. दोन दिवसांत सोदेरिनी परागंदा झाला, मेदिची परत आले, नोव्हेंबरमध्ये मॅकियाव्हेलीची नोकरी गेली. फेब्रुवारी १५१३ मध्ये कटाच्या संशयावरून त्याला पकडून, हात मागे बांधून दोराने वर खेचत त्याचा छळ केला गेला.

आता दोन गोष्टी वेगळ्या करू. ही फौज स्पॅनिश पायदळासमोर उघड्या मैदानात टिकली असती का? नाही. सणावारी कवायत करणारा माणूस आणि दहा वर्षं युद्धात घालवलेला माणूस यांत तफावत राहणारच, आणि मॅकियाव्हेलीने ती कमी लेखली. त्याच्या विचारातली ही खरी खोट आहे. भाडोत्री आणि नागरिक अशा दोनच खणांत तो सैन्याची वाटणी करतो, पण प्रातोला जिंकलं ते तिसऱ्या प्रकारचं सैन्य: राजाचं, पगारी, कायम खडं. हे सैन्यही पैशासाठीच लढत होतं आणि पगार थकला तर बंडही करत होतं, पण एका राजसत्तेचं होतं. पुढची तीनशे वर्षं युरोप या सैन्याने गाजवला. फ्रान्सच्या सातव्या चार्ल्सने उभारलेल्या खड्या सैन्याची तो तारीफ करतो, पण त्यातून पुरतं अनुमान काढत नाही.

दुसरी गोष्ट: तटाआडून लढायचं होतं तिथेही ते का पळाले? याचं उत्तर कवायतीत मिळत नाही. सोदेरिनी पडला काय आणि मेदिची आले काय, मुजेल्लोतल्या माणसाचा कर तोच राहणार होता. त्याने प्रातोसाठी, म्हणजे परक्या गावासाठी, कशाला मरायचं?

‘प्रिन्स’ हे पुस्तक १५१३ मध्ये, नोकरी गेल्यावर, सांत आंद्रेआ या गावच्या शेतावर लिहिलं गेलं. प्रातोला जेमतेम वर्ष झालं होतं, तरी त्याने आपला सिद्धान्त मागे घेतला नाही. उलट विसाव्या प्रकरणात जे आहे ते मला या सगळ्या चर्चेचं मर्म वाटतं. नव्या राजाने प्रजेला कधी निःशस्त्र केलेलं नाही, असं तो म्हणतो. ती निःशस्त्र दिसली तर त्याने तिला शस्त्रं दिली. कारण शस्त्रं दिली की ती शस्त्रं तुमची होतात, आणि ज्यांच्यावर संशय होता ते निष्ठावान होतात. काढून घेतली तर तुम्ही त्यांचा अपमान करता. तुम्ही भित्रे आहात किंवा तुमचा त्यांच्यावर विश्वास नाही, हे दाखवून देता. मग लोक द्वेष करू लागतात, आणि तुम्हाला भाडोत्री सैन्याकडे जावं लागतं. हे तो कोणाला सांगतोय? मेदिचींना, ज्यांनी परत येताच त्याची फौज मोडीत काढली होती. थोडं पुढे किल्ल्यांबद्दल तेच: लोकांच्या मनात द्वेष नसणं हा सर्वांत चांगला किल्ला.

या पार्श्वभूमीवर सतरावं प्रकरण वाचलं की तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येता येतं. प्रेम आणि भीती दोन्ही मिळाली तर उत्तम, एकच निवडायची तर भीती जास्त सुरक्षित, हे तो म्हणतो खरं. पण त्याच परिच्छेदात अट आहे की भीती असावी, द्वेष नसावा. आणि त्यासाठी प्रजेच्या मालमत्तेला आणि बायकामुलींना हात लावू नये. बाप मेल्याचं माणूस लवकर विसरतो, वडिलार्जित मालमत्ता गेल्याचं विसरत नाही, हे त्याचं गाजलेलं वाक्य या अटीच्या समर्थनात आलं आहे. तो उपदेश क्रौर्याचा म्हणून उद्धृत केला जातो, हे दरवर्षी उत्तरपत्रिकांत वाचून मी आता चिडणंही सोडलंय. सैन्याच्या बाबतीत मात्र तो खरोखर कठोर आहे. रोमशी लढलेला कार्थेजचा सेनापती हॅनिबल, त्याच्या फौजेत अनेक जमातींचे लोक, परका मुलूख, तरी कधी बंड झालं नाही. ते त्याच्या निर्दयतेमुळे, असं तो म्हणतो. रोमन सेनापती सिपिओ मवाळ होता, त्याच्या फौजेने स्पेनमध्ये बंड केलं.

नेत्याने लढाई सुरू होण्याआधी काय केलं, यावर त्याचा भर जास्त आहे. चौदाव्या प्रकरणात तो राजाला शिकारीला जायला सांगतो; शौक म्हणून नव्हे, डोंगर कसे चढतात, दऱ्या कुठे उघडतात, दलदल कशी असते हे पायांना कळावं म्हणून. ग्रीक सेनापती फिलोपीमेन मित्रांबरोबर फिरायला गेला तरी थांबून विचारत असे: शत्रू त्या टेकडीवर असेल आणि आपण इथे, तर कोणाची बाजू वरचढ? मागे हटायचं तर कसं? असे प्रश्न शांततेत विचारून झालेले असले की युद्धात अचंबित व्हायची वेळ येत नाही. ‘युद्धकला’ या संवादग्रंथात तो आणखी एक अपेक्षा ठेवतो, जी कोणी फारशी सांगत नाही: सेनापतीला बोलता आलं पाहिजे. दोन-चार लोकांचं मत अधिकाराने बदलता येतं, हजारोंचं बदलायचं तर त्यांच्यासमोर उभं राहून बोलावं लागतं.

आणि तरी कोणताही नेता सर्व काळ पुरत नाही, हे त्याने ‘डिस्कोर्सेस’च्या तिसऱ्या भागात स्पष्ट लिहिलं आहे. रोमन सेनापती फेबियस सावकाश चालणारा होता, हॅनिबल दाराशी असताना रोमला तोच हवा होता. आफ्रिकेत जाऊन युद्ध संपवायला सिपिओ लागला. फेबियस राजा असता तर रोम हरलं असतं, कारण माणसाला स्वभाव बदलता येत नाही. प्रजासत्ताकाकडे वेगवेगळ्या स्वभावांची माणसं असतात. लगेच पुढचं उदाहरण सोदेरिनीचं: सोशीक, भला, आणि ज्या क्षणी सोशीकपणा टाकायला हवा होता त्या क्षणी न टाकू शकलेला. ज्याच्या हाताखाली दहा वर्षं काढली त्याच्याबद्दल असं लिहिताना मॅकियाव्हेलीने लेखणी आखडती घेतलेली दिसत नाही.

त्याच्या लष्करी मजकुरात जुनाट काय, तेही सांगतो. ‘युद्धकला’ १५२१ मध्ये छापली गेली. त्यातल्या काल्पनिक लढाईत तोफा एकदा उडतात आणि मग गप्प बसतात. पुढचं काम रोमन धाटणीच्या ढाल-तलवारीचं आणि लांब भाल्यांचं. बंदूक त्याच्या लेखी दुय्यम. पण १५०३ च्या चेरिन्योलाच्या लढाईत स्पॅनिश बंदुकांनी काय केलं होतं ते सर्वांना माहीत होतं, १५१५ मध्ये मारिन्यानोला फ्रेंच तोफांनी स्विसांचे भाले रोखले होते, आणि पुस्तक छापल्याच्या पुढच्या वर्षीच बिकोक्काला स्विस पायदळ बंदुकांसमोर कोसळलं. मॅकियाव्हेलीचा मित्र, इतिहासकार ग्विचार्दिनी त्याला चांगला ओळखून होता. उठल्यासुटल्या रोमनांचे दाखले देणाऱ्यांबद्दल त्याने लिहिलंय की त्यांच्यासारखी परिस्थिती नसताना हे करणं म्हणजे गाढवाकडून घोड्याच्या शर्यतीची अपेक्षा करणं. कथाकार बांदेल्लोने एक किस्सा सांगितलाय: मिलानजवळच्या छावणीत मॅकियाव्हेली तीन हजार पायदळाला आपल्या पुस्तकाप्रमाणे रांगेत उभं करायला गेला, दोन तास उन्हात सगळा गोंधळ, शेवटी सेनानायक जोव्हान्नी दे मेदिचीने त्याला बाजूला केलं आणि नगारे वाजवून काही क्षणांत सगळं जागेवर आणलं. गोष्टीत मीठमसाला असेल, पण मला ती सहज पटते.

१५२५ मध्ये त्याने पोप सातव्या क्लेमेंटला पुन्हा तीच योजना सुचवली, या वेळी रोमान्यातल्या लोकांना शस्त्रं देण्याची. पोपने त्याला तिथला कारभारी असलेल्या ग्विचार्दिनीकडे पाठवलं. ग्विचार्दिनीचं उत्तर थंड होतं. रोमान्यातले लोक गटातटांत फाटलेले आहेत, पोपच्या राज्याबद्दल त्यांना प्रेम नाही. अशा लोकांच्या हाती शस्त्रं देणं धोक्याचं आहे. योजना बारगळली. हा आक्षेप खुद्द मॅकियाव्हेलीच्या तर्कातूनच निघतो: लोकांचा राज्याशी धागा नसेल तर त्यांची फौज होत नाही. फरक एवढाच की मॅकियाव्हेलीला वाटे, शस्त्र देऊन तो धागा विणता येईल. ग्विचार्दिनीला वाटे, धागा आधी हवा. मी स्वतः ग्विचार्दिनीच्या बाजूला थोडा जास्त झुकतो, आणि प्रातो हे त्यामागचं कारण आहे.

पण मॅकियाव्हेलीच्या बाजूने एक मोठा पुरावा त्याच्या मरणानंतर आला. ६ मे १५२७ ला सम्राट पाचव्या चार्ल्सच्या पगार थकलेल्या शाही सैन्याने रोम लुटलं, फ्लॉरेन्सने मेदिचींना पुन्हा हाकललं, आणि जूनमध्ये मॅकियाव्हेली वारला. १५२८ मध्ये नव्या प्रजासत्ताकाने कायदा करून जे १५०६ मध्ये धाडस झालं नव्हतं ते केलं: खुद्द शहरातल्या नागरिकांना शस्त्रं दिली. तटबंदीचं काम मायकेलँजेलोकडे सोपवलं गेलं. ऑक्टोबर १५२९ मध्ये मेदिचींना परत आणायला आलेल्या शाही सैन्याचा वेढा पडला आणि शहर दहा महिने लढलं, भूक आणि प्लेग सोसून. फ्रान्चेस्को फेर्रुच्ची हा मूळचा व्यापारी वर्गातला माणूस बाहेरून मदत आणताना ३ ऑगस्ट १५३० ला गाव्हिनानाला मारला गेला. शहराच्या आतला सरसेनापती मात्र अजूनही ठेक्यावरचाच होता, पेरुजियाचा मालातेस्ता बाल्योनी. शत्रूवर तुटून पडण्याचा हुकूम त्याने मानला नाही, शाही सैन्याशी आतून बोलणी लावली, आणि त्याला काढून टाकायचं ठरताच तोफांची तोंडं शहराकडे वळवली. १२ ऑगस्टला फ्लॉरेन्स शरण गेलं. बाल्योनी आपलं सैन्य घेऊन पेरुजियाला परतला.